सल्ला घ्यावा, पण कारणासकट

दिवाळी उरकली, भाताची झोडणी झाली, की पाली आणि आसपासच्या गावांत घरांची कामे निघतात. रस्त्याकडेला खडीचे ढीग पडतात, विटांचे ट्रॅक्टर वळणावर अडकतात, गवंड्याची तारीख मिळवण्यासाठी चार चार फोन होतात. रायगडच्या सुधागड तालुक्यात बांधकामाचा मोसम नोव्हेंबर ते मे एवढाच. जूनमध्ये सह्याद्रीला अडलेले ढग कोसळू लागले की खणलेल्या पायाचे तळे होते आणि उघडी भिंत ओलीने फुगते. म्हणून प्रत्येकाला घाई असते, आणि या घाईत सल्ल्यांना तोटा नसतो.

स्वतःचे घर बांधायला काढलेल्या माणसाच्या जागेवर येणारा प्रत्येकजण काहीतरी सांगून जातो. शेजारचे काका म्हणतात, "जोते अजून दोन फूट चढव रे, मग पावसात झोप लागेल." मेहुणा म्हणतो, "कॉलम एवढे जाड कशाला? वर टॉवर चढवतोस का?" गवंडी म्हणतो, "भाऊ, माल जरा पातळ करू द्या, भराभर सरकेल." आत्या दार कुठल्या दिशेला आहे ते आधी बघते आणि मग चहा घेते. चेष्टा होते, वाद होतात, कोणाच्या स्लॅबला किती सिमेंट लागले याचे हिशेब निघतात. ही बडबड मोलाची आहे. तयार फ्लॅट घेणाऱ्याला ती मिळत नाही. घर कसे उभे राहते हे त्याला कळण्याआधीच रंग मारलेला असतो.

मात्र प्रत्येक सल्ला सांगणाऱ्याच्या घरातून आलेला असतो. त्याची जमीन, त्याच्या वेळचे सामान, त्याने काढलेला पावसाळा हे सगळे त्या एका वाक्यात असते. सामान बदलले, जागा बदलली, की तेच वाक्य कधी उपयोगी पडते, कधी घात करते. म्हणून सल्ला ऐकल्यावर "असे का?" हे विचारणे हे घर बांधणाऱ्याचे पहिले काम आहे. पालीत कानावर पडणाऱ्या काही सल्ल्यांना हा प्रश्न विचारून पाहू.

मुरवलेला चुना आणि शिळे सिमेंट

सर्वांत बोधक उदाहरण मालाचे आहे. जुन्या गवंड्यांची शिकवण होती की माल मुरवावा तितका चांगला. चुना भिजवून दिवसचे दिवस ठेवत, मग बैलाच्या घाण्यात रेतीबरोबर मळत. काही ठिकाणी गूळ, हिरडा घालत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश कडक होतो. हवेपासून झाकून भिजत ठेवला तर त्याचे कण बारीक होतात, तो लोण्यासारखा पसरतो आणि दगडाला घट्ट धरतो. चुन्याच्या बाबतीत शिकवण अगदी बरोबर होती.

सिमेंटचे उलटे आहे. सिमेंट पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होते आणि ती क्रिया पाणी पडताक्षणी सुरू होते. अर्ध्या तासानंतर ते आवळायला लागू शकते. सकाळी कालवलेला माल दुपारी जेवणानंतर पुन्हा पाणी मारून मऊ केला, तर तयार होऊ लागलेले सांधे आपण मोडतो. तो माल भिंतीत बसतो, दिसतो ठीक, पण त्याची ताकद कायमची गेलेली असते. "माल मुरू द्या" हे वाक्य आजोबांच्या तोंडून नातवाच्या घमेल्यात आले, आणि मधल्या काळात चुना जाऊन सिमेंट आले. म्हणून माल थोडा थोडा कालवावा आणि शक्यतो अर्ध्या तासात संपवावा.

पालीच्या बल्लाळेश्वराचे आधीचे देऊळ लाकडी होते. पेशवाईत ते दगडी झाले. बांधताना दगडांच्या सांध्यांत शिसे ओतल्याचे इथे सांगतात. जुन्या दगडी बांधकामात शिशाचा उपयोग दुहेरी असे. ते मऊ असल्याने दगड जरा हलले तरी तडकत नाही, आणि दगड जोडणारी लोखंडी पट्टी असेल तर तिच्यापर्यंत पाणी पोचू देत नाही. लोखंडाला पाण्यापासून झाकून ठेवण्याची ही काळजी आजच्या स्लॅबमध्येही तितकीच लागते; फक्त शिशाच्या जागी आता चांगले दाबलेले काँक्रीट ते काम करते.

"माल पातळ करा"

सिमेंटच्या रासायनिक क्रियेला त्याच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा पाणी पुरते. कालवता यावे म्हणून आपण जास्त घालतो. घरकामात सर्रास वापरल्या जाणाऱ्या एम-२० प्रतीच्या काँक्रीटसाठी, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग रेती आणि तीन भाग खडी या मापासाठी, भारतीय मानकाने ५० किलोच्या गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाण्याची मर्यादा घातली आहे. रंगाची २० लिटरची बादली घेतली तर दीड बादली. रेती ओली असेल तर तिच्यातले पाणीही यातच धरायचे.

त्यावर घातलेले पाणी क्रियेत भाग घेत नाही. ते पुढे वाळून उडून जाते आणि मागे केसाहून बारीक नळ्यांचे जाळे सोडते. कोरड्या मुलखात याचा त्रास उशिरा दिसेल. पालीत चार महिने स्लॅबवर पाणी असते. ते या नळ्यांतून सळईपर्यंत जाते, सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्या दाबाने काँक्रीट आतून फुटते आणि काही वर्षांनी छताचे पोपडे गळू लागतात. तेव्हा सगळे "स्टील खराब होते" म्हणतात. बहुतेक वेळा दोष त्या दिवशीच्या जादा पाण्याचा असतो.

गवंड्याची अडचणही खरी आहे. घट्ट माल सळयांच्या दाटीत उतरत नाही, मधे पोकळ्या राहतात, आणि त्या पोकळ्याही पाण्याला वाट देतात. त्याच्याशी भांडून उपयोग नाही. त्याची अडचण सोडवावी. खडी २० मिलिमीटरच्या आतली घ्यावी, मिक्सर पुरेसा वेळ फिरू द्यावा, व्हायब्रेटर भाड्याने आणावा, गरज वाटली तर माल सैल करणारे रसायन अभियंत्याला विचारून प्रमाणात घालावे. सळईखाली खडीचा तुकडा सरकवण्याऐवजी सिमेंटचे कव्हर ब्लॉक ठेवावेत. स्लॅबला किमान २० आणि कॉलमला ४० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण सळईवर हवे.

यानंतरचा सल्ला असतो, "पाऊस जवळ आलाय, तोच पाणी मारील." अर्धे खरे. ताज्या काँक्रीटला पाणी हवे असते, पण सगळ्यात जास्त हवे असते ते पहिल्या एक-दोन आठवड्यांत. आज बाजारात मिळणाऱ्या पोझोलाना सिमेंटला मानकाप्रमाणे किमान १० दिवस ओल ठेवावी लागते, १४ दिवस ठेवली तर उत्तम. मेच्या उन्हात स्लॅबवर मालाची आळी करून पाणी साठवणे हा सोपा आणि खात्रीचा उपाय आहे. उलट, नुकताच ओतलेला स्लॅब मुसळधार पावसात सापडला तर वरचे सिमेंटच धुऊन जाते. जूनच्या तोंडावर स्लॅब टाकायची वेळ आली तर ताडपत्री आधी आणावी, सिमेंट नंतर.

सेंट्रिंगवाल्यालाही घाई असते, कारण त्याच्या प्लेटा पुढच्या कामावर जायच्या असतात. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्याचे १४ दिवस काढू नयेत. सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे टेकूही १४ दिवस. सातव्या दिवशी काँक्रीटला त्याच्या २८ दिवसांच्या ताकदीपैकी साधारण दोन तृतीयांश ताकद आलेली असते. या मुदती भाडे ठरवतानाच बोलून घ्याव्यात, म्हणजे नंतर तोंड वाईट होत नाही.

अंबेचे पाणी, डोंगराची माती

काकांचा जोत्याचा सल्ला मात्र डोळे मिटून घ्यावा, आणि त्याचे कारण डोळे उघडून पाहावे. अंबा नदी सह्याद्रीच्या घाटमाथ्याखाली उगम पावते, जांभूळपाडा, पाली, नागोठणे असा लहानसा प्रवास करते आणि धरमतरच्या खाडीला मिळते. उतार तीव्र असल्याने घाटातला पाऊस काही तासांत खाली येतो. त्याच वेळी खाडीला भरती असेल तर खालच्या भागातून पाणी लवकर निघत नाही. जुलै १९८९ मध्ये जांभूळपाड्यात एका रात्रीत आलेल्या पुराने माणसे, गुरे आणि घरे नेली. त्या पिढीच्या माणसाने "इथवर पाणी होते" असे भिंतीवर हात ठेवून दाखवले, तर त्या उंचीची नोंद करून ठेवावी. जोते त्या खुणेच्या वर हवे. जागा नदीच्या वाहत्या धारेतच येत असेल तर जोते उंच करून भागत नाही; तिथे जागा बदलणे हाच सल्ला.

नदी टाळून डोंगराकडे सरकणाऱ्यांसाठी दुसरी काळजी आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळियेवर आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. दोन्ही ठिकाणे आपल्याच जिल्ह्यातली. दर वेळी कारणे वेगळी असतात, पण काही खुणा ओळखता येतात: वरच्या अंगाला जमिनीत पडलेल्या भेगा, बुंध्यातून वाकलेली झाडे, अचानक गढूळ झालेला किंवा नव्याने फुटलेला झरा. घरासाठी सपाटी हवी म्हणून जेसीबीने डोंगराचा पाय कापला, तर वरची माती ज्यावर टेकली होती तो आधारच जातो. कापावेच लागले तर अभियंत्याकडून संरक्षक भिंत करून घ्यावी आणि तिच्यात पाणी निघायला भोके ठेवावीत. भिंतीमागे साठलेले पाणी मातीहून जास्त ढकलते.

मधला पर्याय म्हणून बरीच नवी घरे भातखाचरात भराव घालून होतात. तिथे पायाचा प्रश्न येतो. भाताची चिकण माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. घर तिच्यावर टेकले तर पहिल्या दोन-तीन वर्षांत दाराच्या कोपऱ्यातून तिरक्या चिरा निघतात. पाया त्या थराखालच्या घट्ट मुरमापर्यंत किंवा काळ्या कातळापर्यंत न्यावा. जोत्यातला भराव एकदम ट्रॉली ओतून करू नये. वीतभर थर, त्यावर पाणी, मग धुमसाने ठोकणे, आणि पुन्हा पुढचा थर. याला वेळ लागतो, पण नंतर बसलेली फरशी उचलून पुन्हा घालण्यापेक्षा तो कमीच असतो. सातबारा, मोजणी, बिगरशेती आणि पालीच्या हद्दीत नगरपंचायतीची परवानगी हे कागद कुदळ मारण्याआधी पुरे करावेत. त्यात सल्लागारांचे एकमत असते आणि ते बरोबर असते.

खाडीची रेती, भट्टीची वीट

"धरमतरची रेती स्वस्त पडते," असे कोणीतरी हमखास सांगतो. खाडीच्या रेतीत मीठ असते. काँक्रीटमध्ये सळईवर एक अदृश्य संरक्षक थर तयार होतो. मिठातले क्लोराइड तो थर फोडते आणि गंज आतून सुरू होतो. रेती जिभेला खारट लागली तर ती परत पाठवावी, पण खारट लागली नाही म्हणजे चांगली असेही नव्हे. ती कुठून आली ते विचारावे आणि पावती मागावी. खाणीवरची क्रश सँड आता सर्वत्र मिळते. तिच्यात दगडाची भुकटी जास्त असेल तर माल पाणी मागतो, म्हणून धुतलेली घ्यावी. गाळ तपासायला काचेची बाटली पुरे: अर्धी रेती, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवून काही तास ठेवावी. तळाशी बसलेल्या रेतीच्या दशांशाइतका गाळाचा थर वर दिसला तर ती रेती नको. आणखी एक गोष्ट: ओलसर रेती फुगते, कधी कधी पावपट. म्हणून ओल्या रेतीची घमेली मोजताना थोडी वाढवून धरावी लागतात, नाहीतर काँक्रीटमध्ये रेती कमी पडते.

विटेबाबत जुना सल्ला आजही टिकतो. दोन विटा एकमेकींवर वाजवाव्यात, खणखणीत आवाज यायला हवा. कमरेच्या उंचीवरून जमिनीवर सोडलेली वीट तुकडे तुकडे होऊ नये. अडीच किलोची वीट रात्रंदिवस पाण्यात ठेवल्यावर तीन किलोहून जड झाली तर ती फार पाणी पिते. आणि बांधण्याआधी वीट भिजवावी, कारण कोरडी वीट मालातले पाणी शोषून घेते आणि सिमेंटला क्रियेसाठी काही उरत नाही.

या विटा ज्यांच्या हातून होतात, त्यांच्याबद्दल बोलायला हवे. रायगडातली कातकरी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या वीटभट्ट्यांवर राबतात. दिवाळीनंतर मुलाबाळांसह वाडी सोडतात आणि पावसाच्या आधी परततात. परत येतात ती बहुतेकदा कुडाच्या घरात. कारवीच्या काठ्या उभ्या करून, त्यांवर शेणमातीचा लेप देऊन ही भिंत होते. सात-आठ वर्षांनी एकदा फुलणाऱ्या या झुडपाच्या काठ्या सरळ आणि चिवट असतात. शेणातल्या तंतूंमुळे माती तडकत नाही, भिंत हलकी राहते, पडली तरी माणूस दडपत नाही. तिला एकच भीती, पावसाची. म्हणून वळचण इतकी खाली आणतात की दारातून वाकून जावे लागते. या घरातून येणारा सल्ला, "भिंत वाचवायची तर छप्पर पुढे काढ," सिमेंटच्या घरालाही लागू पडतो.

वरून काय घालायचे?

एकेकाळी इथली घरे नळ्यांच्या कौलांची होती आणि मे महिन्यात कौले शाकारणे हा घरोघरचा कार्यक्रम असे. १८६५ मध्ये बाझेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि खाचेत खाच बसणारी मंगलोरी कौले पुढे कोकणभर पसरली. उतरते छप्पर पाण्याला थांबू देत नाही, हे त्याचे मुख्य बळ. स्लॅब सपाट असतो, म्हणून पाणी थांबते, आणि थांबलेले पाणी वाट शोधते. आता पालीत फिरताना निम्म्या गच्च्यांवर पत्र्याची शेड दिसते. गवंडी त्याला गमतीने "घराची छत्री" म्हणतात. ज्याला पुढे मजला चढवायचा नाही, त्याने सुरुवातीलाच उतरत्या छपराचा हिशेब करून पाहावा. स्लॅब आणि वर पत्रा असा दुहेरी खर्च टळू शकतो. स्लॅबच घालायचा तर शंभराला एक एवढा तरी उतार, वीटकोबा नीट, पाणी बाहेर सोडणाऱ्या नळ्या मोठ्या, आणि छज्ज्याच्या कडेखालून एक बारीक खाच, म्हणजे पाणी भिंतीकडे न वळता तिथेच गळेल.

हलक्या छपराला वाऱ्याचे भय असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि हजारो घरांचे पत्रे, कौले उडाली. वारा छपरावरून वेगाने जाताना त्याला वर खेचतो. ही ओढ कडेला आणि आढ्यापाशी सर्वांत जास्त असते. म्हणून तिथे हूक आणि बोल्ट जवळ जवळ हवेत. पत्रा वाशाला, वासा भिंतीतल्या पट्ट्याला आणि तो पट्टा खालपर्यंत बांधलेला असावा. एक जरी कडी सुटली तरी वारा तेवढाच भाग उचलतो.

आत्याच्या दिशेच्या आग्रहालाही कारण विचारता येते. इथला पाऊस नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडून झोडपतो. पूर्वेचे दार कोरडे राहते, सकाळचे ऊन आत येते. बल्लाळेश्वराच्या देवळाचे तोंडही पूर्वेला आहे. पण प्लॉटचा रस्ता पश्चिमेला असेल तर दार पश्चिमेला घेऊन पुढे खोल पडवी काढली तरी तेच साधते. कारण कळले की पर्याय दिसतो.

गप्पांतून उभी राहिलेली दोन लाख घरे

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादमधली दगडमातीची घरे कोसळली आणि हजारो माणसे झोपेत गेली. भिंती जाड होत्या, पण आतली आणि बाहेरची फळी वेगवेगळी. दोन्हींना जोडणारे आरपार दगड नव्हते. वर मातीच्या माळवदाचे टनावारी ओझे होते. हादऱ्याने फळ्या सुट्या होऊन पसरल्या आणि छत खाली आले. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, हा पिढ्यांचा सल्ला त्या दिवशी अपुरा ठरला.

नंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. पण त्याहून कितीतरी मोठे काम बाकीच्या गावांत झाले: सुमारे दोन लाख घरे लोकांनी सरकारी मदतीच्या हप्त्यांवर स्वतः दुरुस्त केली किंवा बांधली. अभियंते तांत्रिक बाजू सांगत. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभे केले. भिंतीत आरपार दगड का, दाराच्या वर चारी भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा का, छत हलके का, हे त्यांनी एकमेकींच्या ओट्यावर बसून समजून घेतले आणि समजावले. कारणासकट दिलेला सल्ला असा गावोगाव पोचला.

पालीच्या परिसराला याची आज गरज आहे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचे घर ठरलेले आहे. ठेकेदाराला काम न देता लाभार्थ्याने स्वतः बांधावे, असा तिचा नियम आहे. कातकरी समाज विशेष दुर्बल आदिवासी गटात येत असल्याने २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत घरामागे २ लाख रुपये मिळतात. म्हणजे वाडीवाडीत अशी माणसे आता आपल्या घराची मालक आणि मुकादम दोन्ही झाली आहेत, ज्यांनी आजवर दुसऱ्यांच्या घरांसाठी विटा पाडल्या. एका वाडीतल्या आठ-दहा घरांनी एकत्र रेती आणि सिमेंट घेतले, एकच व्हायब्रेटर फिरवला, पंचायतीच्या अभियंत्याला एका दिवशी बोलावून सगळ्यांचे पाये दाखवले, तर तेवढ्याच पैशात घर जास्त पक्के होईल. आणि ज्याचे घर आधी झाले, त्याने शेजाऱ्याला नुसते "दीड बादलीच पाणी घाल" एवढे सांगून थांबू नये. त्यावरचे पाणी सळईचे काय करते, हेही सांगावे. मग पुढच्या घराला सामान वेगळे लागले, जागा वेगळी मिळाली, तरी तो शेजारी स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ शकेल.